अप्पांच्या पाठीवरच्या गाठी

अप्पांचा फोन आला तेव्हा मी कामात होते. दोन्ही हातांची बोटं मेणानं चिकट झालेली, म्हणून मोबाइल मान वाकडी करून खांद्यात धरला.

"पाठीवर गाठ आलीया एक," अप्पा म्हणाले. "दुखत न्हाय. पर तुजी अव्वा म्हनती लालसर दिसती."

"चरबीची गाठ असेल. दुखत नाही ना?"

"न्हाय."

"मग काही होत नाही. राहू द्या तशीच."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. माझं बोलणं त्यांना नेहमीच पटायचं. सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा डबीत घालून आमच्याकडे येतो. तो मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंग द्यायचा. मग आमच्या मॅडम ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रोगाचं नाव सांगतात. निदान त्या करतात, मी काप काढते. पण कुर्डुवाडीच्या आमच्या गल्लीत मी अर्धी डॉक्टरच होते. कुणाच्या मुलाला ताप आला तरी अप्पा सांगायचे, "थांबा, पोरीला इचारतो."

तर मी न बघता सांगितलं, चरबीची गाठ.

अप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. छत्तीस वर्षं लोखंड उचललं. निवृत्त झाल्यावरही सकाळी भोंगा झाला की उठून बसायचे. गाठ यायच्याही सात-आठ महिने आधीपासून त्यांची कंबर दुखत होती. आम्ही सगळे म्हणायचो, एवढं काम केलेल्या माणसाची कंबर दुखणारच. पुण्याहून दादानं कमरेचा पट्टा पाठवला. मी गोळ्या सांगितल्या. धाप लागते म्हणाले तेव्हा अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "वय झालं की आता." अंगातलं रक्त कमी होत होतं, हे आम्हाला नंतर कळलं. वय झालं असं म्हटलं की पुढं काही बघावं लागत नाही.

एका गाठीच्या तीन झाल्या तेव्हा अव्वानं त्यांना वैरागला कुणाकडं तरी नेलं. तो लेप देतो म्हणे. लेपानं कातडी भाजली आणि गाठ होती तशीच राहिली. मग गावातल्या डॉक्टरांनी मलम दिलं. हे सगळं मला फोनवर कळत होतं आणि मी "हो का, लावून बघा" म्हणत होते. लग्न झालेली मुलगी घरी जाते तेव्हा वडील अंगात सदरा घालूनच बसतात. पाठ दाखवा असं मी म्हटलं नाही, त्यांनीही दाखवली नाही.

ती दिसली अचानक. सुट्टीला दोन दिवस कुर्डुवाडीला गेले होते. सकाळी अप्पा मागच्या दारी दगडावर अंघोळीला बसले होते आणि अव्वा देवापुढं होती, म्हणून गरम पाण्याची बादली घेऊन मी गेले. त्यांची माझ्याकडं पाठ होती. लिंगायत म्हणून गळ्यात घातलेल्या इष्टलिंगाच्या डबीचा पांढरा दोरा मानेवर, आणि त्याच्या खाली गाठी. मोजल्या, सात. काही बोराएवढ्या, एक लिंबाएवढी. पिकलेल्या जांभळाचा रंग. वरची कातडी ताणून चकचकीत झालेली.

चरबीची गाठ कधी जांभळी नसते. एवढं मला कळतं. एवढं तरी मला कळतं.

"ठिव की तितं," अप्पा मागं न बघता म्हणाले.

मी बादली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्यांना सोलापूरला आणलं. आमच्याच दवाखान्यातल्या सर्जननी एका गाठीचा तुकडा काढला. दुपारी तुकड्याची डबी माझ्या टेबलावर आली. लेबलवर अप्पांचं नाव, वय, आणि पुढं "पाठ". शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "मी करते, तुम्ही बसा." पण मी दिली नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या हातून नीट होणार नाही. वडिलांच्या पाठीचा काप मी काढला. पाण्यावर तरंगणारी ती कापांची रिबीन ब्रशनं काचेवर घेतली, आणि रंग देताना मनात एकच होतं, साधी सूज निघू दे.

मॅडमनी काच लावली आणि बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग मला दुसऱ्या भिंगातून बघायला सांगितलं. सगळीकडे एकसारख्या पेशी, खच्चून भरलेल्या. प्रत्येकीतला गाभा मधोमध नव्हता, एका कडेला सरकलेला. त्या गाभ्यात घड्याळाच्या तबकडीवर आकडे असावेत तसे ठिपके.

"प्लाझ्मा सेल्स," मॅडम म्हणाल्या. "हाडांच्या आत, मगजात राहणाऱ्या पेशी. रोगाशी लढायला लागणारी प्रथिनं बनवतात. त्या अशा बेफाम वाढून कातडीत गाठी करून बसल्यात, हे मी पुस्तकातच वाचलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा प्रत्यक्ष बघतेय. फार दुर्मिळ."

त्यांच्या आवाजात आनंद होता. त्यांनाही तो लगेच कळला असावा, कारण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सॉरी. तुझे वडील ना."

त्या वाईट बाई नाहीत. हे मला पुन्हा पुन्हा लिहावं लागेल, नाहीतर मला माझा राग आवरणार नाही.

पुढच्या तपासण्या झाल्या. रक्तात नको ते प्रथिन सापडलं. कमरेच्या हाडात सुई घालून मगज काढला, तोही त्याच पेशींनी भरलेला. डोक्याच्या एक्स-रेमध्ये कवटीला बारीक बारीक गोल भोकं. कंबर दुखत होती कारण मणके आतून पोखरले होते. मॅडमनी समजावलं की नुसत्या कातडीत गाठी असत्या तर बरं होतं. पण इथं मूळ रोग हाडांत आहे आणि तो बाहेर कातडीपर्यंत आलाय, म्हणजे खूप पुढं गेलाय.

"आधी कळलं असतं तर?" मी विचारलं.

"कमरेचं दुखणं सुरू झालं तेव्हा एक साधी रक्ताची तपासणी केली असती तर कदाचित..." त्या थांबल्या. "आता त्याचा विचार करू नकोस."

दादा पुण्याहून आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "तू लॅबमध्ये नेमकं करतेस काय?"

मी हातातल्या रिपोर्टांची घडी घातली.

"एकोणीस वर्षं. रोज हेच बघतेस ना? आणि आपल्या बापाला सांगितलंस चरबीची गाठ."

"तू पट्टा पाठवलास," मी म्हटलं.

"मी कारखान्यात आहे. मला काय कळतं?"

त्यानंतर आम्ही भावंडं नीट बोललो नाही. फक्त एक गोष्ट दोघांनी मिळून ठरवली, म्हणजे त्यानं ठरवली आणि मी मान हलवली. अप्पांना कॅन्सर हा शब्द सांगायचा नाही. रक्तातला दोष आहे, इंजेक्शननं गाठी बसतील, एवढंच. अव्वालाही तेच.

आठवड्याला एक इंजेक्शन, पोटाच्या कातडीत. बरोबर गोळ्या. मोठ्या गाठीला किरणांचा शेक. अप्पा आणि अव्वा माझ्याकडे सोलापुरात राहायला आले. पहिल्या महिन्यात गाठी खरंच बसल्या. जांभळ्याच्या तपकिरी झाल्या, सुकल्या. रोज सकाळी ते पाठ माझ्याकडं करून बसायचे आणि विचारायचे, "बग की, किती उरल्या?" आता सदरा काढायला त्यांना संकोच राहिला नव्हता. मी मोजून सांगायचे. ते दिवस बरे होते असं म्हणायची लाज वाटते, पण होते.

त्या आधीचं एक सांगायचं राहिलं. इंजेक्शनं सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांना ही केस डॉक्टरांच्या परिषदेत मांडायची होती. मोठं पोस्टर करून लावतात, त्यावर स्लाइडचे फोटो, रोग्याचा फोटो. "चेहरा येणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त पाठ. आणि त्यांची सही लागेल. तू विचारशील का? तुझ्यावर जबरदस्ती नाही."

जबरदस्ती नव्हतीच. मी नाही म्हटलं असतं तर मॅडम एका शब्दानं बोलल्या नसत्या. मी हो म्हटलं. का म्हटलं? मला वाटलं, मॅडम खूष राहिल्या तर अप्पांकडं जरा जास्त लक्ष जाईल, खाटेसाठी, तपासणीसाठी ताटकळावं लागणार नाही. आणि त्या काचेवरचे काप माझ्या हातचे होते. इतके सुंदर उतरले होते की मॅडमनी सगळ्यांना दाखवले होते. तेही एक कारण होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

फॉर्म इंग्रजीत होता. अप्पांनी चष्मा लावून उलटसुलट करून बघितला.

"काय लिवलंय?"

"तुमचा फोटो काढायचाय, अप्पा. मोठ्या डॉक्टरांना दाखवणार आहेत."

"कुटल्या?"

"मुंबईला वगैरे. सगळीकडून येतात."

"व्हय? मंग काढा की," अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "त्यांनी बगितलं तर कायतरी औषद सांगतील."

मी एक शब्दही खोटा बोलले नव्हते. फोटो मोठे डॉक्टर बघणारच होते. फक्त ते औषध सांगायला बघणार नव्हते. तिथं, त्या क्षणी, "तसं नाही अप्पा" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी पेन उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वर्कशॉपच्या पगारपत्रकावर करायचे तशी सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

फोटो काढायला शिकाऊ डॉक्टर आला. बरोबर आणखी पाच-सहा जण. एकेकानं पुढं होऊन गाठी दाबून बघितल्या, मोजपट्टी लावली. अप्पा स्टुलावर पाठमोरे ताठ बसलेले, शाळेत फोटोला बसवतात तसे.

"काका, तो दोरा काढा ना जरा. फोटोत मध्ये येतोय," शिकाऊ डॉक्टर म्हणाला.

"त्यो न्हाय निगत," अप्पा म्हणाले.

"दोन मिनिटं फक्त."

"दोन मिंटं बी न्हाय. सात वर्साचा असल्यापास्नं हाय गळ्यात. मेल्यावर बी राहनार." मग जरा हसून, "तुमी सदरा म्हनला, काढला. ह्ये न्हाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी दोऱ्यासकट फोटो निघाला.

अडीच महिन्यांनी गाठी परत आल्या. आधी जुन्याच जागी, मग छातीवर, मग डोक्यावर केसांत एक. औषध बदललं. अप्पांना जेवण जाईना. मूत्रपिंडं थकली. पलंगावरून उठवताना "हळू, हळू" करावं लागायचं, कारण नुसत्या कूस बदलण्यानं त्यांची एक बरगडी मोडली होती. लोखंडाच्या कांबी उचललेला माणूस. आणि रोज मी कामावरून आले की एकच प्रश्न.

"फोटोचं काय कळलं?"

"बघतायत, अप्पा."

"लई दिस झाले की."

"खूप लोकांचे असतात. वेळ लागतो."

"आपला येगळा हाय म्हनले हुते न्हवं? मंग आपला आदी बगतील."

परिषद झाली. आमच्या पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. मॅडमनी लॅबमध्ये पेढे वाटले. माझ्यासमोर बॉक्स आला तेव्हा त्या संकोचल्या, म्हणाल्या, "तू कापलेल्या सेक्शन्सचं सगळ्यांनी कौतुक केलं गं." मी पेढा घेतला. खाल्ला. गोड लागला.

पोस्टर विभागाच्या बोळात लावलं. मी जेवणाच्या सुट्टीत एकटी बघायला गेले. वर इंग्रजीत लांबलचक नाव, डॉक्टरांची नावं, खाली माझे निळे-गुलाबी काप, आणि शेजारी अप्पांची पाठ. जवळ जाऊन बघितलं. मानेवर दोरा नव्हता. कॉम्प्युटरवर पुसून टाकला होता. इतकी सफाई की तिथं कधी काही होतं असं वाटू नये. सात गाठी ठळक, बाकी कातडी स्वच्छ.

मी त्याच पावली मॅडमकडं गेले. "दोरा का पुसला?"

त्यांना आठवेना. मग आठवलं. "अगं, चेहरा काय किंवा धर्माची खूण काय, ओळख पटू नये म्हणून काढावं लागतं. त्यांच्याच भल्यासाठी."

बरोबर होतं. त्यांचं सगळं बरोबरच असायचं. मी परत येऊन मशीनवर बसले आणि संध्याकाळपर्यंत मेणाचे बारा ब्लॉक कापले.

अप्पा त्यानंतर पाच आठवड्यांनी गेले. दुपारी, मी कामावर असताना. अव्वा जवळ होती. तिनं सांगितलं की शुद्ध होती तोवर त्यांनी दोनदा पाणी मागितलं आणि एकदा विचारलं, "पोरगी आली का? काय कळलं म्हनती?"

कुर्डुवाडीला नेलं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. त्यासाठी आधी घरात भिंतीला टेकवून मांडी घालून बसवावं लागतं. चौघांनी उचललं, आणि कमरेत वाकवताना आतून कडकन आवाज आला. सगळ्यांनी ऐकला. एक जण दचकून हात सोडणार होता. मी पुढं होऊन म्हटलं, "मणका आहे. पोकळ झालाय. हळू बसवा." दादानं माझ्याकडं बघितलं. मी हे इतक्या कोरड्या आवाजात कसं म्हणू शकले असं त्याला वाटलं असेल. मलाही वाटलं. भस्म, फुलं, गळ्यात डबी. लोक पाया पडून गेले.

विधी आटोपल्यावर अव्वा म्हणाली, "भितीवर लावायला फोटू पायजे. ह्यो निवृत्तीचा लई जुना हाय, त्यात ते जाडे दिसतात. डॉक्टरनी काडला हुता की, त्यो आन."

"त्यात तोंड नाही, अव्वा."

"म्हंजी?"

"पाठीचा आहे. गाठींचा."

मग मी तिला सांगितलं. सगळंच सांगून टाकलं. कॅन्सर होता, हे सांगितलं. फोटो औषधासाठी नव्हता, पोस्टरसाठी होता. बक्षीस मिळालं. मी पेढा खाल्ला. आणि अप्पा रोज विचारायचे तेव्हा मी "बघतायत" म्हणायचे, तिकडं कुणीही काही बघत नव्हतं. दादा दाराशी उभा होता, तो मध्येच म्हणाला, "आता कशाला हे?" अव्वानं त्याला हातानं थांबवलं.

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला घराबाहेर काढेल. ती बोटानं जमिनीवर रेघ ओढत बसली. मग म्हणाली, "कॅन्सर म्या वळखला हुता. इंजेक्शनच्या खोलीत सगळी टक्कल पडलेली मानसं बसत्यात, मला दिसत न्हाय व्हय? त्यांस्नी बी म्हाईत हुतं. माज्यापाशी बोलले हुते."

"मग आम्हाला का नाही म्हणाले?"

"तुमी सांगितलं न्हाय म्हनून. पोरं लपवत्यात तर लपवू दे, म्हनले."

दादा आत निघून गेला.

"आनि फोटूचं," अव्वा म्हणाली, "ते मात्र त्यांस्नी खरंच वाटत हुतं. म्या म्हनायचे, कुटलं औषद येतंय आता. तर म्हनायचे, न्हाय, पोरीनं सही घेतलीया म्हंजी कायतरी हुईल." मग म्हणाली, "तू त्यांस्नी सांगायचं हुतंस. पोरांस्नी शिकायला फोटू पायजे म्हनलं असतंस तरी त्यांनी दिला असता. वर्कशॉपात किती पोरं शिकवली त्यांनी. न्हाय म्हनाले नसते."

हेच माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी त्यांना फसवलं, कारण खरं सांगितलं तर ते नकार देतील असं मी धरून चालले होते. आणि त्यांनी नकार दिला नसता. म्हणजे फसवण्याची गरजच नव्हती.

अव्वा आता कुर्डुवाडीत एकटी राहते. भिंतीवर निवृत्तीचाच फोटो लागला, जाडजूड, गळ्यात हार घातलेला. दादा पुण्याहून महिन्यातून एकदा येतो, मी पंधरवड्यातून एकदा जाते, आणि दोघं एकाच दिवशी येणार नाही याची काळजी घेतो. अव्वा माझ्याशी बोलते. स्वयंपाक, पाणी, शेजारची भांडणं. अप्पांचं काही काढत नाही. मी काढलं तर उठून आत जाते.

लॅबमधली नोकरी मी सोडली नाही. सोडावी असं मनात आलं, पण मला दुसरं काही येत नाही. काप अजून चांगले निघतात. गेल्या आठवड्यात मॅडमनी एका बाईच्या फोटोच्या संमतीचा फॉर्म माझ्या हातात दिला, वॉर्डातून सही घेऊन ये म्हणाल्या. मी म्हटलं, "मॅडम, हे मी करणार नाही." त्यांनी काही विचारलं नाही. फॉर्म परत घेतला आणि दुसऱ्या मुलीला दिला. ती दहा मिनिटांत सही घेऊन आली.